बॉयलरसाठी दगडी कोळसा: काय बघून घ्यावा, कसा ठेवावा, कसा जाळावा

पावसाळ्यात गेटवर कोळशाचा ट्रक लागला की आधी चाकांकडे बघा. ताडपत्रीतून पाणी ठिबकतंय, चाकांखाली काळं डबकं साचतंय, म्हणजे ट्रक काट्यावर चढण्याआधीच तुमचे पैसे जायला लागलेत. मी एका कापड प्रोसेसिंग युनिटची खरेदी बघायला लागलो, त्या पहिल्याच जुलैत असे चार ट्रक हसतहसत उतरवून घेतले होते. टनामागे तीनशे रुपये कमी पडले म्हणून खुशीत होतो. महिनाअखेरीस हिशेब लावला तर कापड तेवढंच निघालेलं आणि कोळसा मात्र भरपूर जास्त गेलेला. मालकांनी एवढंच विचारलं, "कोळसा जाळला की वाहून गेला?"

खरं तर वाहूनच गेला होता. कोळसा आपण टनावर घेतो, पण कामाला येते ती उष्णता. आणि या दोन्हींमध्ये पाणी, राख, दगड, चुरी असे बरेच वाटेकरी बसलेले असतात. एक ते पाच टनांचा (म्हणजे तासाला तेवढी वाफ देणारा) बॉयलर चालवणाऱ्या कारखान्यांना, म्हणजे प्रोसेसिंग, डेअरी, राइस मिल, लहान केमिकल युनिट वगैरेंना, हे वाटेकरी कसे ओळखायचे ते क्रमाने सांगतो.

१. कोळसा कशासाठी हवा ते आधी ठरवा

दगडी कोळसा ही काही एकच एक वस्तू नाही. (लोणारी कोळसा तर वेगळाच, तो लाकडाचा.) एकाच्या भट्टीत उत्तम चालणारा माल दुसऱ्याच्या भट्टीत निकामी ठरतो.

बॉयलरचं मागणं साधं आहे. कोळशाने जळावं, राख खाली पडावी, विषय संपला. ओतकामाचं तसं नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये जिथे अजून क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, आहे तिथे कोळसा चालत नाही, कोक लागतो. कोक म्हणजे हवा न लागू देता १००० ते ११०० अंशांवर सोळा-वीस तास भाजलेला कोळसा. क्युपोलात तो तीन कामं करतो: लोखंड वितळवतो, त्याला कार्बन देतो आणि वर रचलेलं भंगार, पिग (कच्चं ओतीव लोखंड), चुनखडी यांचा भार अंगावर पेलतो. म्हणून तिथे ढेकूळ मोठं आणि टणक हवं. क्युपोलाच्या आतल्या व्यासाचा साधारण दहावा हिस्सा हा जुना हिशेब अजून चालतो. असा कोक हरेक कोळशाचा होत नाही. तापल्यावर मऊ पडून फुगणारा आणि मग घट्ट होणारा कोकिंग कोळसाच त्याला लागतो. आपल्याकडे तो मुख्यतः झारखंडात, झरियाच्या बाजूला निघतो आणि पोलाद कारखाने बराचसा ऑस्ट्रेलियाहून आणतात. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातला कोळसा वाफेसाठी चांगला, पण त्याचा क्युपोलाला चालेल असा कोक होत नाही.

कोक भाजताना जे उडून जातं तेही फुकट जात नाही. त्यातून गॅस मिळतो, अमोनिया मिळतो, बेंझॉल मिळतं आणि डांबर मिळतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचं नॅप्थॅलीन मूळचं याच डांबरातलं. डांबर गाळून झाल्यावर तळाला उरणारं पिच ॲल्युमिनियम कारखान्यांत ॲनोड बांधायला वापरतात. रस्त्यावर ओततात ते आजचं डांबर मात्र खनिज तेलाचं.

स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता त्याचं लोखंड करणाऱ्या, भट्टीत कोळसा जळणही असतो आणि खनिजातला ऑक्सिजन ओढून घेणारं रसायनही. त्या भट्ट्या हजार अंशांच्या आसपास चालतात, त्यामुळे राख लवकर मऊ होणारी असेल तर भट्टीच्या आत थर धरून कडी तयार होते. ते खरेदीदार आधी राखेचा वितळबिंदू विचारतात. सिमेंटवाल्यांची गंमत आणखी निराळी: त्यांच्या भट्टीत राख बाहेर पडतच नाही, मालातच मिसळते, म्हणून तिच्यातली सिलिका त्यांना चुनखडीच्या हिशेबात धरावी लागते.

तुमचा बॉयलर कोणत्या प्रकारचा आहे तेही इथेच लिहून ठेवा. हाताने फावड्याने भरायच्या भट्टीला २५ ते ७५ मि.मी.चे तुकडे लागतात. साखळी जाळीच्या स्टोकरला (यात फिरती जाळी कोळसा आपोआप पुढे नेते), पंख्याची हवा असेल तर, १५ ते २५ मि.मी. बरे. फ्लुइडाइज्ड बेडला, म्हणजे खालून हवेचा झोत देऊन माल तरंगत जाळणाऱ्या भट्टीला, १० मि.मी.च्या आतला बारीक माल लागतो. शेजारच्या युनिटला परवडतो म्हणून तोच कोळसा मागवणारे मी पुष्कळ पाहिले. शेजाऱ्याकडे फ्लुइडाइज्ड बेड आणि आपल्याकडे फावडं, मग निम्मा माल जाळीतून खाली पडतो.

२. रिपोर्टवरचा आकडा कुठल्या आधारावर आहे ते बघा

लॅबच्या रिपोर्टवर चार गोष्टी असतात: ओलावा, राख, बाष्पशील घटक (यालाच सगळे 'व्हीएम' म्हणतात) आणि उरलेला स्थिर कार्बन. शिवाय जीसीव्ही, म्हणजे एक किलो कोळशातून मिळणारी एकूण उष्णता, किलोकॅलरीत.

खाणीच्या मालाला ग्रेड असतो. जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे बिगर-कोकिंग कोळशाचा ग्रेड जीसीव्हीवर ठरतो: जी-१ ते जी-१७, दर पायरी ३०० किलोकॅलरीची. जी-१ म्हणजे ७००० च्या वर, जी-१० म्हणजे ४३०१ ते ४६००, जी-१७ म्हणजे २२०१ ते २५००. व्यापारी 'जी-टेन आहे साहेब' म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो. पण हा ग्रेड प्रयोगशाळेतल्या ठरावीक ओलाव्यावर काढलेला असतो. तुमच्या गेटवर वरून पडलेला पाऊस त्यात धरलेला नसतो.

म्हणून रिपोर्टवर 'एडीबी' लिहिलंय की 'एआरबी' ते आधी बघायचं. एडीबी म्हणजे हवेत वाळवलेल्या नमुन्यावरचा आकडा, एआरबी म्हणजे माल जसा आला तसा. भट्टीत जातो तो एआरबी. हिशेब सोपा आहे: १०० मधून एकूण ओलावा वजा करा, त्याला १०० वजा अंगच्या ओलाव्याने (हवेत वाळवल्यावरही कोळशात उरतो तो) भागा आणि येईल त्याने एडीबी जीसीव्हीला गुणा.

समजा रिपोर्ट सांगतो: जीसीव्ही एडीबी ४४५०, अंगचा ओलावा ६ टक्के, एकूण ओलावा १६ टक्के. मग ८४ भागिले ९४, गुणिले ४४५०, म्हणजे ३९७७. कागदावर जी-१०, भट्टीत चार हजाराच्याही खाली. यात फसवाफसवी नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. तुम्ही पैसे कुठल्या आकड्यावर देता एवढाच प्रश्न.

राखेचंही तसंच. आपला देशी कोळसा गोंडवाना खोऱ्यांतला. त्यात २५ ते ४५ टक्के राख ही नेहमीची गोष्ट, गंधक मात्र कमी. इंडोनेशियाच्या मालाला राख फारच थोडी, पण ओलावा भरपूर. व्हीएम जास्त असलेला कोळसा चटकन पेटतो आणि लांब ज्योत देतो, पण त्याला वरून हवा मिळाली नाही तर धुराड्यातून काळा धूर निघतो.

३. नमुना स्वतः घ्या

विक्रेत्याने पाठवलेल्या पिशवीतला नमुना हा विक्रेत्याचा नमुना असतो. आपला आपण घ्यायचा, आणि ट्रक रिकामा होत असताना घ्यायचा. उभ्या ट्रकच्या वरून घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही. वरचा थर कधी उन्हाने सुकलेला असतो, तर कधी मोठी चकचकीत ढेकळं मुद्दाम वर मांडलेली असतात.

माल उतरताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी आठ-दहा ठिकाणांहून फावडी उचला. ढेकळं, चुरी, दगड जे येईल ते येऊ द्या. निवडायला बसलात की नमुना बिघडला. सगळं लोखंडी पत्र्यावर फोडून बारीक करा, शंकूसारखा ढीग घाला, वरून दाबून चपटा करा, चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाकून द्या. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. दोन-तीन किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. मग त्याच्या जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, दोन्हींवर ट्रक नंबर, तारीख, तुमची आणि ड्रायव्हरची सही. एक लॅबला जाते, दुसरी वाद झालाच तर तिसऱ्या लॅबसाठी कपाटात राहते. हे सगळं सावलीत आणि झटपट करा. ओलाव्यासाठीची छोटी पिशवी तर फोडायला बसण्याआधीच भरून तोंड बांधून टाका, नाहीतर पत्र्यावर पसरलेला कोळसा बोलता बोलता दोन टक्के सुकतो आणि फायदा विक्रेत्याचा होतो.

लॅबचा रिपोर्ट यायला दिवस जातात, ट्रक तेवढा थांबत नाही. म्हणून गेटवरच एक छोटा ओव्हन आणि साधा डिजिटल काटा ठेवा. फोडलेला एक किलो कोळसा ट्रेमध्ये पसरून १०५ ते ११० अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ८४० ग्रॅम उरला तर ओलावा १६ टक्के. करारात १० टक्के ठरलेला असेल आणि ट्रक २४ टनांचा असेल, तर सुका माल त्यात २०.१६ टन आहे; १० टक्के ओलाव्याने तो २२.४ टनच भरला असता. दीड टनाहून जास्त पाण्याचे पैसे तुम्ही कोळशाच्या भावाने मोजताय, आणि ते पाणी भट्टीत उकळायला आणखी कोळसा जाळणार आहात.

दगडासाठी यंत्र लागत नाही. शेलचा, म्हणजे कोळशासोबत येणाऱ्या पदरी दगडाचा, तुकडा हातात जड लागतो, रंगाला करडा, चमक नाही, पाटीसारखा पदर निघतो. कोळशाची घनता पाण्याच्या दीडपटीच्या आत असते, शेलची दुपटीच्या वर. हे दोन-चार ट्रकनंतर हाताला कळायला लागतं.

४. टनाचा दर बाजूला ठेवा, वाफेचा दर काढा

इथे जरा वेळ द्या, कारण सगळे पैसे इथेच आहेत. खालचे दर फक्त हिशेब समजण्यासाठी धरलेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका.

दोन टनांचा बॉयलर, दिवसाला २४ टन वाफ. फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६० अंशांचं आणि दाब १० किलोचा असेल तर एक किलो वाफेला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दिवसाला १ कोटी ४४ लाख किलोकॅलरी.

देशी कोळसा: एआरबी जीसीव्ही ३९८०, राख ३२ टक्के, गेटपोच ६,५०० रुपये. आयात कोळसा: एआरबी जीसीव्ही ५०००, राख ६ टक्के, गेटपोच ८,४०० रुपये. दर हजार किलोकॅलरीला देशी १ रुपया ६३ पैसे, आयात १ रुपया ६८ पैसे. बरेच लोक इथेच थांबतात आणि देशी घेतात.

पण बॉयलरची कार्यक्षमता दोन्हींवर सारखी राहत नाही. जास्त राखेच्या मालावर ती समजा ६८ टक्के पडली आणि दुसऱ्यावर ७२, तर देशी लागतो ५.३२ टन, आयात ४ टन. खर्च अनुक्रमे ३४,५८० आणि ३३,६०० रुपये. शिवाय देशी मालाची रोज १.७ टन राख उचलायची, दुसऱ्याची पाव टन. कार्यक्षमतेचे हे आकडे दुसऱ्याचे घेऊ नका. आठवडाभर एकेक माल चालवून, पाण्याच्या मीटरवरून आणि कोळशाच्या काट्यावरून स्वतःचे काढा. विदर्भातल्या युनिटला वाहतूक वाचते, तिथे उत्तर बहुतेक उलटं येईल. बंदरापासून साठ किलोमीटरवर बसलेल्याला आयात परवडतो.

५. खरेदी आणि करार

महाराष्ट्रात देशी माल मुख्यतः वेस्टर्न कोलफील्ड्सचा. ही कोल इंडियाची नागपूरची कंपनी. तिच्या खाणी चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात. लहान उद्योगाला तीन वाटा: ऑनलाइन लिलावात स्वतः बोली लावणं, राज्य सरकारने नेमलेल्या संस्थेमार्फत कोटा घेणं किंवा डेपोवाल्या व्यापाऱ्याकडून उचलणं. लिलावात दर बरा मिळतो, पण लॉट मोठा, पैसे आधी आणि ठरल्या मुदतीत माल उचलायची जबाबदारी तुमची. महिन्याला शे-दीडशे टन लागणाऱ्याला बहुतेक वेळा व्यापारीच सोयीचा पडतो.

मग व्यापाऱ्याबरोबर निदान एवढं लेखी असू द्या:

- जीसीव्ही एआरबीवर, आणि त्यापेक्षा कमी भरल्यास त्याच प्रमाणात दर कमी.
- एकूण ओलावा अमुक टक्क्यांच्या वर गेला तर तेवढं वजन वजा.
- आकार, आणि चुरीची कमाल टक्केवारी.
- वजन कोणाच्या काट्याचं धरायचं, आणि वादात कोणती लॅब.

शेवटचा मुद्दा आधी ठरला नाही तर बाकीचे तीन कागदावरच राहतात.

कराचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं आहे. आधी ५ टक्के जीएसटी आणि टनाला ४०० रुपये सेस होता. आता सेस गेला आणि जीएसटी १८ टक्के झाला. सेसचं क्रेडिट सेसपुरतंच वापरता यायचं, म्हणून ते बहुतेकांचं अडकून पडायचं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं. तेव्हा जुन्या आणि नव्या कोटेशनची तुलना कर वगळून करा.

आणि नवीन प्रकारचं जळण आणण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र काढून बघा. त्यात जळणाचा प्रकार आणि प्रमाण लिहिलेलं असतं. त्यात नसलेलं जळण जाळलं तर तपासणीत उत्तर देणं अवघड जातं.

६. यार्ड: कोळसा आपोआप पेटतो

हे ऐकून पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता. कोळसा हवेतला ऑक्सिजन घेत राहतो, त्यातून थोडी थोडी उष्णता निघते आणि ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की साचत जाते. जास्त व्हीएमचा, जास्त ओलाव्याचा आयात माल यात पुढे असतो. उन्हाळ्यात रचलेल्या ढिगावर पहिला पाऊस पडला की तर हमखास लक्ष ठेवा.

जमीन पक्की करा, नाहीतर खालचा कोळसा मातीत जातो आणि वर येताना माती घेऊन येतो. ढीग अडीच-तीन मीटरपेक्षा उंच नको. थर दाबून घट्ट करा म्हणजे आत हवा खेळत नाही. जुन्यावर नवा ओतू नका; आधी आलेला आधी जाळा. ढिगाखालून वाफेची पाइप किंवा केबल जाऊ देऊ नका.

रोज सकाळी लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी हात लावून बघायची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे; पाइपमधून थर्मामीटर सोडलात तर आणखी उत्तम. ६० अंश दिसले की तो भाग उकरून पसरायचा आणि आधी जाळायला घ्यायचा. पहाटे ढिगावर घाम आल्यासारखी वाफ दिसणं आणि रॉकेलसारखा वास येणं ही त्याच्याही आधीची खूण.

तापलेल्या ढिगावर वरून होज मारू नका. पाणी वाट सापडेल तिकडून खाली पळतं, गरम गाभा तसाच राहतो आणि लालभडक कोळशाला पाणी लागलं तर पेट घेणारा गॅस तयार होतो. आधी उकरा, पसरा, मग पाणी. बंद बंकरमध्ये कोळसा तापला असेल तर आत उतरायचंच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

७. भट्टीत

बॉयलर नोंदणीकृत हवा, प्रमाणपत्राची मुदत चालू हवी आणि चालवणारा परवानाधारक हवा, हे गृहीत धरतो.

हाताने भरत असाल तर थोडं थोडं आणि वरचेवर. एकदम दहा फावडी टाकली की ज्योत दबते, पाच मिनिटं काळा धूर निघतो आणि मग हवा जास्त होते. चुरी फार असेल तर भरण्याआधी हलकं पाणी शिंपडा. बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि धुराड्यातून उडत नाहीत. हलकं म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतकंच.

हवेचा अंदाज धुरावरून येतो, पण अर्धाच. काळा धूर म्हणजे हवा कमी, हे सगळ्यांना दिसतं. हवा जास्त झालेली मात्र दिसत नाही. धुराडं स्वच्छ असतं आणि उष्णता बाहेर जात असते. त्यासाठी ऑक्सिजन मोजणारं मीटर लागतं. जाळीच्या भट्टीला धुरात ६ ते ८ टक्के ऑक्सिजन ठीक. धुराड्याजवळचं तापमान रोज लिहा: ते २२ अंश उतरलं की जवळपास एक टक्का जळण वाचतं. बॉयलर तोच, लोड तोच, पण तापमान आठवड्याला चढत चाललंय, म्हणजे ट्यूबवर काजळी किंवा आतून क्षार. तीन मि.मी. काजळी अडीच टक्के कोळसा खाते. फीड वॉटर सहा अंश जास्त गरम मिळालं तरी एक टक्का वाचतो, आणि त्यासाठी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणण्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही.

क्लिंकर, म्हणजे राखेचे वितळून झालेले दगड, हा वेगळा त्रास. काही कोळशांची राख लवकर वितळते, पण निम्म्या वेळा दोष सळईचा असतो. फायरमन उगाच ढवळत राहतो, खालची राख वर निखाऱ्यांत येते आणि तिथे वितळते.

८. राख बघा

आमच्याकडे एक जुने फायरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या पहिल्या पावसाळ्यात मी रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि राखेच्या ढिगातला एक गोळा उचलून सळईने फोडला. आत काळाकुट्ट.

"मामा, हा तर कोळसाच आहे."

"मग? तुम्हीच आणलाय. भिजलेला, पेटायच्या आधीच पुढं सरकतो."

नंतर लॅबला ती राख दिली तेव्हा तिच्यात १५ टक्के न जळलेला कार्बन निघाला. ऐकायला कमी वाटतं. पण ३२ टक्के राखेच्या मालात याचा अर्थ किलोमागे सुमारे ५६ ग्रॅम कार्बन तसाच फेकला जाणं, म्हणजे साधारण ४५० किलोकॅलरी, ३९८० मधल्या. दिवसाला सव्वापाच टन कोळसा लागत असेल तर तीनशे किलो कार्बन रोज राखेच्या ट्रॉलीतून बाहेर. वीटभट्टीवाला आमची राख आनंदाने का नेत होता ते तेव्हा कळलं.

मामा निवृत्त झाले. पण आमच्याकडे अजून प्रत्येक पाळीच्या शेवटी एक घमेलं राख बॉयलर हाउसच्या दाराशी ठेवलेली असते. पाळी घेणारा आधी तिच्यातले दोन-तीन गोळे फोडून बघतो, मग वहीत सही करतो.